कॅराव्हॅन सहा जणांची, झोपणार किती?

प्रतिनिधी
नाशिक

सिंहस्थ कुंभमेळ्याचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, असे वेळापत्रक जाहीर झाल्यापासून मुक्कामाचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला आहे. त्यातच ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि नागपूर ते ठाणे जिल्हा असा ७०१ किलोमीटरचा सलग रस्ता तयार झाला. रस्ता चांगला, हॉटेलची खोली मात्र महाग आणि ऐन वेळी दुर्मीळ! अशा स्थितीत चाकांवरचे घर, म्हणजेच कॅराव्हॅन, मध्यमवर्गीय कुटुंबाला खुणावू लागली तर त्यात नवल नाही. आई-वडील, दोन मुले आणि आजी-आजोबा असे सहा जणांचे कुटुंब एकाच वाहनात निघेल, तेथेच जेवेल आणि तेथेच झोपेल, ही कल्पना मोहक आहे. व्यवहारात मात्र ती एका आकड्यापाशी अडते. तो आकडा म्हणजे माहितीपत्रकावर ठळक छापलेली बर्थची संख्या.

बर्थची संख्या वाढविणे किती सोपे आणि त्यावर झोपणे किती अवघड असते, याचा अनुभव महाराष्ट्रातील रेल्वे प्रवाशांनी घेतलेला आहे. २००७-०८च्या सुमारास रेल्वेने शयनयान डब्यातील बाजूच्या दोन बर्थच्या मध्ये तिसरा बर्थ बसविला. प्रत्येक कप्प्यात एक याप्रमाणे ७२ बर्थच्या डब्यात ८१ बर्थ झाले. कागदावर क्षमता वाढली. पण खालच्याला बसता येईना आणि मधल्याला कूस बदलता येईना. तक्रारींचा असा पाऊस पडला की २००९मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. कॅराव्हॅनच्या माहितीपत्रकातील 'सहा बर्थ' बहुधा याच जातीचे असतात. त्यातील दोन कायमचे पलंग, दोन जेवणाचे टेबल मोडून होणारे आणि उरलेले दोन छताखाली किंवा छतावर.

महाराष्ट्र शासनाने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यात एका आसाची साधी कॅराव्हॅन, दोन आसांची कॅराव्हॅन, तंबूचा ट्रेलर, घडीची कॅराव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर असे प्रकार नमूद आहेत. कॅराव्हॅनमध्ये पलंग, स्वयंपाकघर, शौचालय, सोफा आणि टेबल असावे अशी अपेक्षाही आहे. धोरणाचा भर वाहनतळांवर म्हणजे कॅराव्हॅन पार्कवर, नोंदणीवर आणि सवलतींवर आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र एका माणसाला झोपण्यासाठी किती फूट जागा लागते, ही चिंता ग्राहकाने स्वतःच करावयाची आहे.

ती चिंता मापपट्टीपासून सुरू होते. बाहेरून सात फुटांच्या आसपास रुंदी असलेल्या व्हॅनमध्ये भिंतीचे अस्तर आणि आतील फळ्या वजा जाता सहा फूटही शिल्लक राहत नाहीत. अशा गाडीत पलंग आडवा बसविला असेल, तर पावणेसहा फूट उंचीच्या माणसाला पाय दुमडूनच रात्र काढावी लागेल. पलंग उभा बसविला तर लांबी मिळते. पण तेवढाच स्वयंपाकाचा ओटा किंवा शौचालय आक्रसते. दोघांच्या पलंगाची रुंदी चार फुटांपेक्षा कमी असेल तर तो प्रौढ जोडप्यासाठी नाही, मुलांसाठी आहे, असे समजून चालावे. टेबल मोडून होणाऱ्या बिछान्याची गोष्ट वेगळीच. त्याच्या गाद्यांना सांधे असतात. रात्री जेवण उरकून, भांडी घासून, टेबल पुसून मगच तो अंथरता येतो. आणि सकाळी सर्वांत आधी उठणाऱ्याला चहासाठी टेबल हवे असेल, तर तेथे झोपलेल्यांना उठवावे लागते. मराठी घरात सर्वांत आधी कोण उठते, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

आजी-आजोबांचा विचार केला की हिशेब आणखी बदलतो. वरच्या बर्थची शिडी चढणे साठी ओलांडलेल्यांना शक्य नसते. शक्य असले तरी रात्री दोनदा उठणाऱ्याने ती उतरू नये. म्हणजे ज्येष्ठांना खालचा, कायमचा आणि शौचालयाजवळचा पलंग द्यावा लागतो. बहुतेक मांडणीत हाच पलंग 'मास्टर बेड' म्हणून आई-वडिलांसाठी रंगविलेला असतो. मग आई-वडील टेबलावर आणि मुले वर. त्यातही शौचालयाकडे जाण्याची वाट टेबलाच्या बिछान्याने अडणार असेल, तर आजोबांनी मध्यरात्री सुनेच्या उशाजवळून वाट काढावी, असा प्रसंग येतो. मांडणीचे चित्र दिवसाचे दाखविले जाते. ग्राहकाने रात्रीचे चित्र मागावे. सर्व बिछाने अंथरलेले असताना जमिनीवर मोकळी वाट किती उरते, हे त्यातच कळते.

नाशिककरांच्या बाबतीत पावसाचा मुद्दा निर्णायक ठरावा. येथील कुटुंबे सहलीला बाहेर पडतात ती मुख्यतः पावसाळ्यात. इगतपुरी, भंडारदरा, श्रावणातील त्र्यंबकेश्वर आणि ब्रह्मगिरीची फेरी हा ठरलेला क्रम आहे. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तंबूचे ट्रेलर आणि छतावर उघडणारे तंबू स्वस्त आणि हलके असतात, त्यांत झोपण्याची जागाही भरपूर मिळते. पण ती जागा कापडाच्या भिंतींमागची असते. दोन दिवसांच्या संततधारेत ते कापड ओले होते, ओलेच घडी करावे लागते आणि घरी परतल्यावर वाळविण्यासाठी सोसायटीची गच्ची लागते. त्यामुळे नाशिकहून पावसाळी सहलीसाठी वाहन निवडताना कापडाखालचे बर्थ मोजू नयेत. सिंहस्थाची तिन्ही अमृतस्नानेही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच आहेत, हे लक्षात घेतलेले बरे.

झोपण्याच्या जागेइतकाच बसण्याच्या जागेचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याकडे हमखास दुर्लक्ष होते. ट्रेलर मागे जोडला असेल, तर गाडी चालू असताना त्यात कोणालाही बसविणे धोक्याचे आहे. सहाही जण ओढणाऱ्या मोटारीतच मावले पाहिजेत. म्हणजे पाच आसनांच्या मोटारीमागे सहा बर्थचा ट्रेलर घेणे व्यर्थ ठरते. एकसंध मोटर-कॅराव्हॅनमध्ये उलट घडते. बर्थ सहा असतात. परंतु पुढे तोंड असलेली, पट्टा असलेली आसने चारच निघतात. उरलेले दोघे बाजूच्या सोफ्यावर, म्हणजे अपघाताच्या वेळी कोणत्याही आधाराशिवाय. महिंद्रने २०२२मध्ये बोलेरो कॅम्परवर आधारित फिरत्या घराची योजना जाहीर केली, तेव्हा चार जणांच्या झोपण्याची आणि चार जणांच्या जेवणाची सोय सांगितली होती. एवढ्या आकाराच्या वाहनासाठी हा आकडा प्रामाणिक म्हणावा लागेल. झोपण्याच्या आणि पट्ट्याच्या आसनांच्या दोन आकड्यांपैकी जो लहान, तीच त्या वाहनाची खरी क्षमता.

तिसरा आकडा वजनाचा. चार प्रौढांचे सरासरी ६० किलोप्रमाणे २४० आणि दोन मुलांचे मिळून ६० किलो धरले, तरी माणसांचेच ३०० किलो होतात. शंभर लिटर पाण्याचे १०० किलो. अंथरूण-पांघरूण, भांडी, कपडे, धान्य आणि बॅटऱ्या यांचे आणखी शंभरावर. म्हणजे निघताना वाहनावर निदान ५०० किलोंचा अतिरिक्त भार असतो. वाहन उत्पादकाने ठरविलेल्या कमाल वजनातून रिकाम्या कॅराव्हॅनचे वजन वजा केल्यावर एवढे उरते काय, हे पाहावयास हवे. पलंग, कपाटे आणि ओटा बसविल्यानंतर रिकाम्या वाहनाचे वजन मूळ कागदावरील वजनाहून बरेच वाढलेले असते. लासलगाव-पिंपळगावच्या परिसरात कांद्याच्या ट्रॅक्टरसाठी जागोजागी वजनकाटे आहेत. तयार वाहन एकदा काट्यावर घालून पावती मागण्यास विक्रेत्याची हरकत असू नये. असल्यास तेही उत्तरच आहे.

ट्रेलरच्या बाबतीत ओढणाऱ्या मोटारीची क्षमता हा स्वतंत्र विषय आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतांश मोटारींच्या माहितीपत्रकात ओढक्षमतेचा आकडाच नसतो. तो उत्पादकाकडून लेखी घेतल्याशिवाय कसारा घाटाचा विचार करू नये. चढणीपेक्षा उतार अधिक कसोटीचा असतो, कारण मागचे वजन पुढच्या गाडीला ढकलते. नांदुरीहून सप्तशृंग गडावर जाणाऱ्या वळणांत समोरून बस आल्यावर ट्रेलर मागे घेणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने एकदाही ट्रेलर उलटा घेतलेला नाही त्याला येणार नाही.

कायद्याची बाजू त्या मानाने सरळ आहे. केंद्र सरकारच्या २००४च्या अधिसूचनेनुसार खासगी वापराची कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर बिगर-परिवहन वाहनांत मोडतो. भाड्याने द्यावयाचे असेल तर मात्र ते परिवहन वाहन ठरते. हप्ते फेडण्यासाठी 'अधूनमधून भाड्याने देऊ' असा सल्ला कोणी देत असेल, तर पांढऱ्या पाटीवर ते करता येत नाही. साडेसात हजार किलोंपर्यंतच्या एकूण वजनाचे वाहन हलक्या मोटार वाहनात येते, त्यामुळे बहुतेक मोटर-कॅराव्हॅनसाठी जड वाहनाचा परवाना लागत नाही. खरी अडचण जुनी व्हॅन घेऊन गॅरेजमध्ये पलंग ठोकून घेणाऱ्यांची आहे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर वाहनात बदल करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केले आहे. मोटर-कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार मान्यता घेतलेले वाहन आहे काय, एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडा होतो. विमा कंपनी हा प्रश्न अपघातानंतर विचारते.

वातानुकूलनाच्या जाहिरातीवरही थोडे पाणी ओतावे लागेल. १२ व्होल्टच्या, २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे २.४ युनिट वीज साठते. एक टनाचे वातानुकूलन यंत्र तिच्यावर जेमतेम दोन तास चालेल. म्हणजे रात्रभर गारवा हवा असेल तर बाहेरून वीजजोडणी हवी, आणि ती वाहनतळावरच मिळते. सहा जण बंद डब्यात झोपणार असतील तर खिडक्यांची जाळी आणि छतावरचा पंखा यांची किंमत वातानुकूलनापेक्षा जास्त आहे. घरगुती सिलिंडर आत ठेवून स्वयंपाक आणि झोप एकाच बंद जागेत करण्याचा विचार तर मनातही आणू नये.

सिंहस्थासाठी म्हणून कॅराव्हॅन घेऊ पाहणाऱ्यांनी २०१५चा अनुभव आठवावा. त्या वेळी पर्वणीच्या दिवशी खासगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबविण्यात आली आणि भाविकांना तेथून एसटीने व पायी जावे लागले. पहिल्या पर्वणीला तर बंदोबस्ताच्या अतिरेकाने भाविकच कमी आले, अशी टीका झाली होती. २०२७मध्येही घाटापर्यंत वाहन नेण्याची आशा धरता येणार नाही. कॅराव्हॅन मुक्कामाचा प्रश्न सोडवील. आजी-आजोबांच्या चालण्याचा नाही. पर्वणी टाळून मधल्या दिवसांत स्नानाला येणाऱ्यांना तिचा उपयोग अधिक.

मग सहा जणांच्या कुटुंबाने करावे काय? सध्याच्या रस्त्यांवर आणि किमतीत सहा प्रौढ मापाचे बर्थ शोधत बसण्यापेक्षा चार चांगले बर्थ असलेले, पण सहा पट्ट्याची आसने असलेले वाहन शोधणे शहाणपणाचे. उरलेल्या दोघांसाठी मुक्कामी खोली घ्यावी. भंडारदऱ्याला किंवा गंगापूर धरणाकाठी पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थाने आहेत. ज्येष्ठांना खोली आणि मुलांना कॅराव्हॅन, ही वाटणी कोणाच्याही तक्रारीविना पार पडेल. खरेदीपूर्वी एक-दोन रात्री भाड्याच्या वाहनात काढाव्यात. तेही शक्य नसेल तर विक्रेत्याच्या आवारात सर्व बिछाने अंथरून, कुटुंबातील सर्वांनी एकाच वेळी तासभर आडवे व्हावे आणि आजोबांनी दिवा न लावता शौचालयापर्यंत जाऊन यावे. थोडे हसू होईल, पण कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा अधिक माहिती मिळेल.

आणखी एक माप घरीच घेता येते. गंगापूर रोड, इंदिरानगर किंवा पाथर्डी फाट्यावरील बहुतेक इमारतींत तळमजल्यावरील वाहनतळाची उंची साधारण आठ फूट असते, आणि आत उभे राहता येईल अशी कॅराव्हॅन त्याहून उंच असते. वर्षातील उरलेले तीनशेहून अधिक दिवस ती उन्हापावसात कोठे उभी राहणार, हे सोसायटीच्या बैठकीत आगाऊ रक्कम भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.