लेक खेळू दे, पण गुडघे जपून!

मैत्रिणींनो, डिसेंबर आला की नंदाखाल-आगाशीकडच्या मुलांना वसईच्या कला-क्रीडा महोत्सवाचे वेध लागतात. मुलगा पडला तर ‘होईल बरा’ आणि मुलगी पडली तर ‘आता खेळ पुरे’, हा न्याय काही बरा नव्हे!

धोका दोघांनाही असतो, पण निराळा. मुलगे धक्काबुक्कीत हाडे मोडून घेतात. मुलींचा गुडघा मात्र उडीवरून उतरताना किंवा झटकन वळताना, कुणाचा धक्का न लागताही दुखावतो. त्यातले लिगामेंट तुटण्याचे प्रमाण मुलींत दुपटीहून अधिक आढळते.

घरीच पारख करा. दोघांनाही पायरीवरून उडी मारायला सांगा. उतरताना गुडघे आत झुकतात का? जुनी दुखापत पुरती बरी झाली ना? खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नसेल, तर डॉक्टरांना दाखवाच. खाणं अपुरं पडलं की हाडंही कमजोर होतात, बरं का!

नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या फुटबॉलपटू मुलींकडून सरावाआधी २० मिनिटे तोल, ताकद आणि नीट उतरण्याचे व्यायाम करून घेतले. दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. शाळेतल्या सरांना, बाईंना हे जरूर सांगा. लेकीचा खेळ थांबवू नका. तिला नीट उतरायला शिकवा.