नगरचा हबशी आणि न्यूयॉर्कचा कारकून



राळेगणसिद्धीला बाराही महिने माणसांची रीघ असते. ग्रामपंचायतीचे सदस्य येतात, महिला मंडळे येतात, शाळांच्या सहली येतात. कमी पावसाच्या या गावाने १९७५ नंतर नाल्यांवर बांध घालून पाणी कसे अडविले ते पाहतात, वहीत टिपून घेतात आणि वाडेगव्हाण फाट्यावरून पुण्याच्या नाहीतर नगरच्या गाडीला लागतात. आमच्या कार्यकर्त्यांचा जथा असाच तेथे गेला असता बरोबरच्या एका शाळकरी मुलाने विचारले, "काका, जंजिऱ्याचे सिद्दी ते याच गावचे का?" मंडळी हसली. राळेगणच्या नावातील सिद्धी वेगळी आणि आफ्रिकेतून आलेल्या हबशी लोकांना म्हणतात ते सिद्दी वेगळे. पण मुलाचा नेम अगदीच चुकला नव्हता. तो उभा होता तेथून सुमारे ४० किलोमीटरवर अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला एक माणूस याच शहरात राज्यकारभार शिकला आणि पुढे त्या राज्याचा कर्ता झाला.

त्याचे नाव मलिक अंबर. १५४८ च्या सुमारास तो इथिओपियात जन्मला. आईबापांनी ठेवलेले नाव चापू. लहानपणीच तो विकला गेला, एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेला. अंबर हे नावही धन्यानेच दिलेले. शेवटी निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशीच, आणि एके काळचा गुलामच! तो वारल्यावर अंबर मोकळा झाला, शिपाईगिरी करू लागला, पदरी माणसे जमवू लागला. १६०० मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला तेव्हा निजामशाही बुडाली असे सर्वांनी धरले. अंबरने धरले नाही. त्याने घराण्यातील वारस गादीवर बसविला आणि पुढची पंचवीस वर्षे मोगलांना दख्खनेत सुखाने बसू दिले नाही. १६२४ मध्ये नगरजवळच भातवडीची लढाई झाली. तेथे शहाजीराजे व त्यांचे बंधू शरीफजी अंबरच्या बाजूने लढले; शरीफजी कामास आले. या लढाईत अंबरने भातवडीच्या तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीच्या अंगावर सोडून चिखलराडा करून टाकला. पाणी अडविणे आणि पाणी सोडणे ही विद्या या जिल्ह्याला जुनीच म्हणायची.

लढाईपेक्षा आम्हाला त्याची जमाबंदी आणि त्याची नहर मोठी वाटते. जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची त्याची पद्धत पुढे कित्येक पिढ्या नावाजली गेली. १६१० मध्ये त्याने खडकी येथे राजधानी वसविली. तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहराला जमिनीखालून, केवळ उताराच्या जोरावर पाणी आणणारी नहर-ए-अंबरी त्यानेच बांधविली.

आता आमच्या वाचकांना एक विचारतो. १४ एप्रिलला संभाजीनगरच्या भडकल गेटला कोण गेले नाही? बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालायला तेथे अलोट गर्दी लोटते. लहान मुले खांद्यावर, निळे झेंडे, बँडबाजा. पुतळ्याशेजारचा तो भक्कम दगडी दरवाजा १६१२ मध्ये मलिक अंबरने मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून बांधला. सातासमुद्रापलीकडे विकल्या गेलेल्या माणसाची ही विजयाची कमान आणि तिच्या सावलीत बाबासाहेब! हा योग कोणी ठरवून आणलेला नाही, पण याहून चांगली जागा ठरवूनही मिळाली नसती. आम्ही मात्र त्या दरवाजाला पाठ टेकून उसाचा रस पितो आणि गाडीची वाट पाहतो.

मलिक अंबर दिसत कसा होता? त्याची चित्रे आहेत, पण महाराष्ट्राबाहेर फार दूर. हाशिम नावाच्या मोगल चितेऱ्याने १६२० च्या सुमारास काढलेले चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. काळा वर्ण, पांढरा जामा, म्हातारपणातही ताठ कणा. दुसरे एक चित्र आयर्लंडमध्ये डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ते जहांगीर बादशहाचा चित्रकार अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास काढले. त्यात बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बाण मारतो आहे आणि समोर भाल्यावर अंबरचे तुटलेले मुंडके टांगले आहे. त्यावर घुबड बसले आहे. चित्रातली कारागिरी अप्रतिम. पण ही गोष्ट कधी घडलीच नाही! जहांगीरच्या हाती अंबर अखेरपर्यंत लागला नाही. १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, तो आपल्या मरणाने मेला. खुलताबादला त्याची कबर आहे. रणात जे साधले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. चित्र काढणारा धन्याचा नोकर असला की असे होते.

आपल्या लोकांनाही याचा अनुभव आहे. आपले वर्णन दुसऱ्यानेच लिहून ठेवलेले. आणि त्या वर्णनाचा थोडा अंश आपल्याही जिभेवर बसला आहे. घरात सावळी मुलगी झाली की आजी लाडाने का होईना 'हबशीण' म्हणते, आणि स्थळ पाहताना आधी 'गोरी' हा शब्द घालते. त्या आजीला भडकल गेटची हकीकत कोणी सांगितलेली नसते.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कला या हबशी मंडळींचे एक प्रदर्शन भरले. गुलाम म्हणून हिंदुस्थानात आलेले आफ्रिकी लोक सेनापती आणि राज्यकर्ते कसे झाले हा त्याचा विषय. इतिहासकार सिल्वियान दियुफ आणि संग्राहक केनेथ रॉबिन्स यांनी ते मांडले. त्यात मलिक अंबर होता, जंजिऱ्याचे सिद्दी होते, आणि अहमदाबादेत १५७२-७३ मध्ये जाळीकामाची ती जगप्रसिद्ध मशीद उभारणारा सिदी सय्यदही होता. पुढच्याच वर्षी हे प्रदर्शन दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातही लागले. पण आम्हाला प्रदर्शनाइतकेच ते ज्या जागी भरले त्या जागेचे कौतुक वाटते. ती जागा म्हणजे काळ्या लोकांच्या हार्लेम वस्तीतील शोमबर्ग सेंटर.

हा शोमबर्ग कोणी गडगंज शेठ नव्हता. आर्तुरो शोमबर्ग कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर १८७४ मध्ये जन्मला. शाळेत शिक्षकाने त्याला सांगितले म्हणतात, की काळ्या लोकांना इतिहास नाही, त्यांच्यात कोणी थोर माणूस झालाच नाही. ते पोराच्या जिव्हारी लागले. १८९१ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. आधी वकिलांच्या कचेरीत निरोप्या आणि कारकून, नंतर एका बँकेच्या टपाल खात्यात. म्हणजे आमच्याच बिरादरीतला माणूस! दिवसा पत्रांवर शिक्के आणि सुटीच्या दिवशी जुन्या पुस्तकांची दुकाने. काळ्या माणसाने लिहिलेले पुस्तक, काढलेले चित्र, छापलेले पत्रक जेथे मिळेल तेथून त्याने पगारातून विकत घेतले. घरातल्यांना पाय ठेवायला जागा राहिली नसेल! १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा हजारो पुस्तकांचा आणि चित्रांचा संग्रह १०,००० डॉलरला घेतला. पैसे कार्नेगी संस्थेने दिले. पुढे १९३२ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९३८ पर्यंत, त्या संग्रहाची राखण शोमबर्गनेच केली.

पैसे मिळाल्यावर हा गृहस्थ युरोपला गेला तो एका चित्रकाराच्या शोधात. हुआन दे पारेहा हा स्पेनच्या वेलाझ्केझ या थोर चित्रकाराचा गुलाम. धन्याने १६५० मध्ये त्याचे चित्र काढले आणि त्याच वर्षी त्याच्या मुक्ततेचा कागद करून दिला. त्यानंतर पारेहाने स्वतः कुंचला हाती धरला. १६६१ च्या एका मोठ्या धार्मिक चित्रात त्याने डाव्या कडेला स्वतःला उभे केले आणि हातातल्या कागदावर आपले नाव लिहिले. शोमबर्गने त्याच्याविषयी लिहिले, पण पुष्कळ काळ कोणी मनावर घेतले नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने पारेहाचे स्वतंत्र प्रदर्शन भरविले आणि त्यात शोमबर्गच्या या खटाटोपालाही जागा दिली. कारकुनाने केलेली नोंद जवळजवळ शंभर वर्षांनी कामी आली.

कोणी म्हणेल, हे सगळे राजेरजवाडे नि मोठे चितेरे, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत काय आहे? तर लंडनमध्ये एक खोलीच प्रदर्शनात मांडली आहे. कॅरिबियन बेटांवरून इंग्लंडला मजुरीसाठी गेलेली माणसे बसमध्ये, इस्पितळांत, कारखान्यांत राबली. त्यांच्या घरातली पुढची खोली मायकेल मॅकमिलन या कलावंताने २००५ मध्ये संग्रहालयात उभी केली. भिंतीवर येशूचे चित्र आणि घरच्यांचे फोटो, टेबलावर क्रोशाचे कडक खळ दिलेले रुमाल, प्लॅस्टिकची फुले, रेडिओग्राम. आता म्युझियम ऑफ द होम येथे तिला कायमची जागा मिळाली आहे. येशूच्या जागी तथागत आणि बाबासाहेब ठेवा, रेडिओग्रामच्या जागी क्रोशाचे आवरण घातलेला टीव्ही ठेवा. आपल्या चाळीतली खोली ओळखू येईल. पाहुणा आला की आधी त्या खोलीत बसवायचे, सर्वांत चांगले कपबशांचे जोड तेथेच. बाहेर मान मिळत नाही त्या माणसाने आपला मान घरात कसा मांडला, ते त्या खोलीत दिसते.

आता भगिनींसाठी खास. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात आजही सिद्दी लोक राहतात. गोव्यातील पोर्तुगीजांच्या गुलामीतून रानात पळून गेलेल्यांचे ते बरेचसे वंशज. कोकणी बोलतात, मोलमजुरी आणि थोडीफार शेती करतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. त्यांच्या बाया जुन्या लुगड्यांच्या, लुंग्यांच्या, शर्टांच्या तुकड्यांची गोधडी शिवतात. तिला 'कवंदी' म्हणतात. आपली वाकळच, पण रीत निराळी. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेने फिरत फिरत आत मध्यापर्यंत यायचे. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची 'फुले' लावायची. ती नसतील तर कवंदी उघडी दिसते असे त्या मानतात. ख्रिस्ती सिद्दी बाई मध्ये क्रूस घालते, मुसलमान सिद्दी बाई चंद्रकोर घालते. तान्ह्या बाळाच्या कवंदीत सर्वांत भडक तुकडे. हेन्री ड्रुअल हे आफ्रिकी कलेचे अमेरिकी प्राध्यापक तेथे गेले, आणि २००४ मध्ये या बायांची सहकारी संस्था निघाली. शोमबर्ग सेंटरमध्ये या गोधड्यांचेही प्रदर्शन झाले. भिंतीवर, दिव्याच्या उजेडात, चित्रासारख्या टांगलेल्या! आपल्याकडे आई वारली की तिने शिवलेली वाकळ भांडीवालीला देऊन पातेले घेतात. पातेले चार वर्षांत चेपते.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतील काळ्या लोकांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागविली, आणि डुबॉइसनी ३१ जुलैला उत्तर धाडले. हा व्यवहार आज आपल्याला ठाऊक आहे, कारण डुबॉइसांची कागदपत्रे जपली गेली आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने ती नीट लावून ठेवली. आपल्या जलशांच्या वह्या, १९५६ च्या नागपूरच्या गर्दीतले फोटो, नामांतर आंदोलनाची पत्रके कोठे आहेत? बरीचशी पत्र्याच्या पेट्यांत, काही रद्दीवाल्याकडे.

म्हणून येत्या रविवारी पेटी उघडावी. फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढून काढू नयेत. मऊ कोरड्या फडक्याने धूळ टिपावी. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. बॉलपेन वापरू नये, दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. फोटोतली माणसे कोण ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, आणि ते आजच विचारावे. वाकळ असेल तर ती कोणी, कधी, कोणाच्या लुगड्याची शिवली ते कापडाच्या पट्टीवर लिहून पट्टी एका कोपऱ्याला टाचावी. नहरीची आणि भडकल गेटची हकीकत मुलांना वहीत लिहायला लावावी. आणि राळेगणला सहल नेणार असाल तर नगरला उतरून भातवडीचा तलावही दाखवून आणावा.