प्रोसेसरची पारख

जयपूरच्या जवाहर नगरातील एका वाचक भगिनीने विचारले आहे: थोरली कन्या यंदा वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमास जाणार, धाकटा मुलगा शाळेत आहे; दोघांसाठीही ‘आय-७’ प्रोसेसरचेच लॅपटॉप घ्यावेत, असे दुकानदार म्हणतो. त्यासाठी ठेव मोडावी काय?

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, बहुतेक लॅपटॉपांत प्रोसेसर मुख्य सर्किटवर कायमचा जडवलेला असतो. मागाहून तो बदलता येत नाही. म्हणून विचार करावयाचा तो पैसे मोजण्यापूर्वीच. वाचकहो, ‘पाच’ आणि ‘सात’ या आकड्यांना भुलू नका. नावाच्या अखेरचे अक्षर पाहा. इंटेलचा ‘आय-७ १३५५यू’ मूलतः १५ वॅटसाठी घडवलेला असून त्यात वेगवान कोअर दोनच आहेत. बाकीचे आठ लहान. ‘आय-५ १३४२०एच’ मात्र ४५ वॅटचा, व त्यात वेगवान कोअर चार. तासन्‌तास चालणाऱ्या त्रिमितीय आराखड्यांच्या कामात नावाने धाकटा असलेला हा ‘एच’च सरस ठरावा. कन्येसाठी तो घ्यावा, मात्र जोडीला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड व १६ जीबी स्मृती असावी. शाळकरी मुलास ‘यू’ गटातील साधा आय-३ पुरे. त्याची बॅटरीही अधिक टिकते.

जयपूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. ‘एच’ गटाचे यंत्र गादीवर ठेवून त्याची हवा कोंडणे म्हणजे दिलेले पैसे वाया घालवणे होय.

एएमडीचे नामकरण तर याहून गूढ. त्याला नावे ठेवावीत तितकी थोडीच! ‘रायझन ५ ७५२०यू’ मधील तिसरा अंक, म्हणजे २, हा २०१९ च्या जुन्या ‘झेन २’ रचनेचा निदर्शक आहे. ‘७५३०यू’ ची रचना त्यापुढची, आणि त्यात कोअरही चाराऐवजी सहा. नावात फरक एका अंकाचा, पण यंत्रात केवढा!

जुना लॅपटॉप स्वस्तात मिळत असेल, तर आणखी एक गोष्ट तपासावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. सहाव्या पिढीचा ‘आय-७’ येथे उपयोगी पडत नाही. बिलावर प्रोसेसरचे संपूर्ण नाव, अखेरच्या अक्षरासह, दुकानदाराकडून अवश्य लिहून घ्यावे.