मर्व्हिन पीक : ‘अद्भुता’च्या चौकटीबाहेर

मर्व्हिन पीक (१९११–१९६८) यांची नोंद इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात बहुधा टोल्किन यांच्या शेजारी, ‘फॅन्टसी’ या सदरात होते. ग्रंथपालाला ही सोय उपयुक्त असेल. समीक्षेला मात्र ती महागात पडली आहे. ‘टायटस ग्रोन’ (१९४६) आणि ‘गॉर्मेनघास्ट’ (१९५०) या कादंबऱ्यांत जादूटोणा नाही, परी नाही, देवदैत्यांचा संग्राम नाही. मराठीत ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ यांच्या परंपरेसाठी रूढ झालेली ‘अद्भुतरम्य’ ही संज्ञा तर येथे अगदीच तोकडी ठरते, कारण या कृतींत अद्भुत असले तरी रम्य फारसे काही नाही.

मग या सृष्टीचे वेगळेपण कशात आहे? ते आहे कर्मकांडात. गॉर्मेनघास्टच्या अवाढव्य गढीत प्रत्येक दिवसाचा विधी ग्रंथात लिहून ठेवलेला आहे. त्याचा अर्थ कोणालाही उरलेला नाही. तटाबाहेरच्या झोपड्यांतील कारागीर वर्षभर लाकडावर कोरीवकाम करतात. ठरलेल्या दिवशी त्यांतील केवळ तीन शिल्पे निवडली जातात, उरलेली जाळली जातात, आणि निवडलेली तिन्ही वरच्या दालनात धूळ खात पडतात. कलेचा एवढा सन्मान आणि एवढी उपेक्षा एकाच विधीत सामावणारी कल्पना स्वतः चित्रकार असलेल्या लेखकालाच सुचावी! स्वयंपाकघरातून निसटलेला स्टिअरपाइक हा बंडखोरही अखेर या विधींचाच अधिकारी बनतो. सत्ता हवी तर पोथी हाती हवी, हे त्याने अचूक ओळखले आहे. हा विषय अद्भुताचा नसून समाजशास्त्राचा आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पीक यांच्या चित्रांकडे कादंबरीची जोड म्हणून पाहण्याची पद्धतही तपासून पाहावयास हवी. लुई कॅरल यांचे ‘स्नार्क’ (१९४१), कोलरिजचा वृद्ध नाविक (१९४३) आणि स्टीव्हन्सनचे ‘ट्रेझर आयलंड’ (१९४९) त्यांनी चितारले. कादंबरीच्या हस्तलिखितांतही पात्रांची रेखाटने विखुरलेली आहेत. त्यांच्या गद्याची संथ गती अनेकांना दोष वाटते. वस्तुतः ती रेखाटणाऱ्या हाताची गती आहे. छायेची एकेक रेघ ओढल्याखेरीज तो हात पुढे सरकत नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘टायटस अलोन’चा (१९५९) आहे. ही कादंबरी विस्कळीत आहे आणि तो लेखकाच्या आजाराचा परिणाम होय, हे मत वर्षानुवर्षे पुनरुक्त झाले. आजार खरा होता. परंतु प्रथमावृत्तीत प्रकाशकाकडून झालेली काटछाटही तितकीच खरी होती. लँग्डन जोन्स यांनी हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेली संहिता १९७० मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर आली. संहिता न पाहता लेखकाची प्रकृती पाहणाऱ्या समीक्षेला काय म्हणावे?

शिवाय या कादंबरीतील तुटलेपणाला अन्य कारणही संभवते. १९४५ च्या उन्हाळ्यात पीक एका नियतकालिकासाठी चित्रकार म्हणून मुक्त झालेल्या बेल्झेन छळछावणीत गेले होते. तेथे मरणोन्मुख मुलीला पाहताना आपल्यातील चित्रकार तिच्याकडे विषय म्हणून पाहतो आहे, या जाणिवेची शरम त्यांनी कवितेत नोंदविली. आणि ‘टायटस अलोन’मध्ये छावणीतून आलेली ‘ब्लॅक रोझ’ आहे, शास्त्रज्ञांचा दुर्गंधी पसरविणारा कारखाना आहे. गढीच्या भिंतींसाठी घडविलेले संथ, अलंकृत गद्य या कारखान्यापाशी पोहोचल्यावर तसेच अभंग राहिले असते, तर तीच खरी शंकेची बाब ठरली असती.