साडेदहा सेंटिमीटरसाठी एक तास

कॉलेजची दिल्ली ट्रिप म्हटलं की वेळापत्रक तोंडपाठ असतं. सकाळी इंडिया गेट, संध्याकाळी सरोजिनी नगर, आणि मध्ये कुठेतरी कोंबलेलं जनपथवरचं राष्ट्रीय संग्रहालय. पाच हजार वर्षं, पाऊण तासात! मग दारात ग्रुप फोटो आणि परत आल्यावर नेटवरून उतरवलेला स्टडी टूरचा रिपोर्ट. सबमिशन झालं, विषय संपला.

माझं म्हणणं एवढंच, की सगळं बघूच नका. हडप्पा संस्कृतीच्या वस्तू आहेत तिथे जा आणि मोहेंजोदडोच्या त्या ब्राँझच्या मुलीसमोर थांबा. शाळेच्या पुस्तकात फोटो पाहून ती चांगली हातभर असेल असं वाटतं. प्रत्यक्षात उंची साडेदहा सेंटिमीटर, तुमच्या मोबाइलपेक्षा कमी. १९२६ मध्ये उत्खननात सापडली. आधी मेणाची मूर्ती, त्यावर मातीचा लेप, मग मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी ती घडवलेली आहे. मेकॅनिकलवाल्यांनो, तुम्ही ‘इन्व्हेस्टमेंट कास्टिंग’ म्हणून शिकता ते मुळात हेच.

आता नीट बघा. ती नाचतेय का? एक हात कमरेवर, मान किंचित मागे, ‘बोला, काय काम आहे?’ असा आविर्भाव. डाव्या हातात दंडापर्यंत बांगड्या, उजव्या हातात मोजून चार. सिंधू लिपी अजून कुणाला खात्रीने वाचता आलेली नाही, म्हणजे तिच्याविषयी तिच्या काळातला एक शब्दही आपल्या हातात नाही. ‘नर्तकी’ हा विसाव्या शतकातल्या संशोधकांचा अंदाज. आणि आपण तो पेपरात बिनधास्त ठोकून देतो, मार्कही मिळतात! इतिहासाच्या नावाने रोज ढीगभर फॉरवर्ड गिळणाऱ्या आपल्या पिढीने वस्तू कोणती आणि तिच्यावर चिकटवलेलं नाव कोणतं, हे वेगळं करायला इथे शिकायला हवं. वर्गातल्या पीपीटीत हे जमत नाही.

आणखी एक. फाळणीत मोहेंजोदडोच्या वस्तूही वाटल्या गेल्या. हार तोडून मणी दोन देशांत निम्मे निम्मे केले. दाढीवाला ‘पुरोहित राजा’ आज कराचीत आहे. (त्याचंही नाव अंदाजानेच, बरं का.) आपल्याला न विचारता वारसा कसा वाटला जातो, यावर बसमध्ये भांडा की! अंताक्षरी रोजचीच आहे.

प्राध्यापकांनाही एक विनंती. दहा पानी रिपोर्टऐवजी एकाच वस्तूवर एक पान मागा, तेही तिथेच उभं राहून हाताने लिहिलेलं. कॉपी-पेस्ट आपोआप बंद होईल, आणि तपासायलाही कमी.

आणि हो, सोमवारी संग्रहालय बंद असतं. रेल्वेचं बुकिंग करणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा.