शेगावची शिस्त वॉर्डात कधी?

शेगावच्या गजानन महाराज मंदिरात हजारोंची रांग धक्काबुक्कीविना पुढे सरकते. पांढऱ्या पोशाखातला सेवाधारी हात जोडून ‘माउली’ म्हणतो, वाट दाखवतो, पडलेला कागद स्वतः उचलतो. गावोगावहून पाळीपाळीने येणारी ही माणसे मोबदला घेत नाहीत. ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तलेले मंदिराचे विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही घडी बसवली.

मग तोच भाविक गावी परतल्यावर घरासमोरच्या नालीत प्लास्टिक का टाकतो? नुसती श्रद्धा हे त्याचे उत्तर नव्हे. मंदिरात प्रत्येकाला काम नेमून दिलेले असते आणि त्यावर रोज देखरेख असते. नगरपालिकेत मात्र नागरिकाचा वाटा मतदान आणि करभरण्यापुरताच उरतो. ७४व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, त्याही तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. शेगावच्याच जिल्ह्यातली बुलडाणा, खामगाव, मलकापूर ही शहरे त्यातून सुटली.

पण कायद्याची वाट कशाला पाहायची? नगरसेवकांनी दर महिन्याला प्रभागात बैठक घ्यावी, सफाई आणि पाणीपुरवठ्याचा हिशेब फलकावर लावावा. शेगावी सेवा देणाऱ्यांनीही वर्षातले तेवढेच दिवस आपल्या वॉर्डाला द्यावेत.