हिरवा त्रिकोणही विषाचाच



कपाशीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी त्याचा क्रम ठरवला: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. चारही विषेच. पण आपल्याला हिरवा म्हणजे पीक आणि पिवळा म्हणजे हळद. पिवळे निळ्याहून जहाल, हे न सांगता कोणाला कळणार?

बाकीचा मजकूर मुंगीएवढ्या अक्षरांत. डबा मालक फोडतो, फवारतो मजूर. त्याच्या पाठीवरच्या पंपावर तर काहीच खूण नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक माणसे दगावली. वर ऐकवले काय, तर शेतकऱ्यांनी काळजी घेतली नाही!

युरोपात सामान्य ग्राहकाला जहाल रसायन विकताना डब्यावर बोटाला लागेल असा उठावाचा त्रिकोण सक्तीचा आहे. आंधळ्यालाही तो कळतो. मग आपल्या डब्यावर का नको?

आपली मागणी एकच: इशारा छापण्याआधी तो फवारणाऱ्या मजुराला दाखवा. त्याला समजला तरच डबा दुकानात येऊ द्या.

आणि सरकारची वाट न पाहता आपणही एक करू. पंप भरताना डब्याचा रंग आणि त्याचा अर्थ मजुराला मोठ्याने सांगू. त्याला पैसा लागत नाही.